तरुण ग्राहकांसाठी गाड्यांच्या कंपन्या नेमके काय करतात?

रावेरकर (प्रश्न):
धाकट्या भावाला नोकरी लागली असून त्याला पहिली गाडी घ्यायची आहे. डाउन पेमेंट वडील केळीच्या पैशांतून भरतील, हप्ते तो फेडेल. जळगावच्या एका शोरूममध्ये विक्रेता बराच वेळ सनरूफ, मोठा टचस्क्रीन आणि आतल्या रंगीत दिव्यांविषयीच बोलत राहिला. एअरबॅग किती, हे आम्हालाच विचारावे लागले. तरुणांना ओढण्यासाठी कंपन्या जे देतात, त्यातले घेण्यासारखे किती?

धुळेकर:
केवळ स्वस्ताईला तरुण भुलत नाही, हे कंपन्या टाटांच्या नॅनोवरून शिकल्या. 2009 साली एक लाखाची गाडी म्हणून ती आली, पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच तिला भोवला, असे पुढे खुद्द रतन टाटांनीही मान्य केले. पहिली गाडी चारचौघांत मिरवता यावी, ही इच्छा काही गैर नाही. 2015 मध्ये रेनोच्या क्विडने छोट्या गाडीला एसयूव्हीचा तोंडवळा दिला. त्याच वर्षी मारुतीने नेक्सा ही वेगळी दालने उघडली, म्हणजे कंपनी तीच, पण वडिलांनी जिथून अल्टो घेतली ते शोरूम नव्हे. टाटांची पंच आणि ह्युंदाईची एक्स्टर या गाड्याही एसयूव्हीच्या त्याच वाटेने आल्या. अमेरिकेत टोयोटाने 2003 मध्ये तरुणांसाठी सायन हा स्वतंत्र ब्रँड काढला, घासाघीस नको म्हणून किंमतही ठरलेली ठेवली. तरी 2016 मध्ये तो गुंडाळावा लागला.

भुसावळकर:
सनरूफचे म्हणाल, तर मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि काचेखालचा पडदा दिवसभर ओढलेलाच राहतो. त्याच पैशांत मागच्या सीटसाठी एसी व्हेंट मिळत असतील तर ते घ्या, कारण गाडी भावाच्या नावावर असली तरी शिरपूरच्या लग्नाला सगळे घर तिच्यातूनच जाणार.

जाहिरातींमुळे एक भलेही झाले. 2018 मध्ये टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला प्रथमच, आणि तेव्हापासून सुरक्षितता हीच मिरवण्याची गोष्ट झाली. ऑक्टोबर 2023 पासून तर भारत एनकॅप ही आपल्या देशाची तशीच चाचणीही आहे. मात्र चाचणी कोणत्या व्हेरिएंटची झाली आणि त्यात किती एअरबॅग होत्या, हे अवश्य पाहा. कन्नडच्या घाटात ओल्या वळणावर गाडी घसरू लागली, तर टचस्क्रीन नव्हे, ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) कामाला येते.

रावेरकर:
आभारी आहे. मधल्या व्हेरिएंटमध्ये ईएससी आणि मागचे व्हेंट दोन्ही आहेत, सनरूफ तेवढे नाही. भावाची समजूत काढतो. टेस्ट ड्राइव्हला वडिलांना मागे बसवूनच नेऊ.