नवा लॅपटॉप दीड तासात बंद पडतो, रविवारच्या आत उपाय हवा

प्रेषक: शैला
बुधवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,
रविवारी रामबागेत आजींकडे जुन्या फोटोंतली नावं लिहून घेताना मंडळाचा नवा लॅपटॉप पुन्हा बंद पडला. साडेदहाला सुरू केला, बाराला स्क्रीन काळी. खोक्यावर '१० तासांपर्यंत' छापलंय आणि घेऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. घरी टायपिंग करते तेव्हा इतका त्रास होत नाही, तिथे गेलं की हेच.

हळदीकुंकवाच्या मोठ्या फोटोत ३१ बायका आहेत. तो लॅपटॉपवरून टीव्हीवर लावला होता, आजी टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं सांगत होत्या. चौदा झाली. पंधरावीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही माझी नणंद, हिला आम्ही सगळ्या…" आणि टीव्ही निळा झाला. फोटो गेला तसं ते नावही गेलं. दहा मिनिटं आठवत बसल्या, मग थकल्या. त्यांचं वय ९१ आहे. त्या फोटोतल्या बायका ओळखणारं दुसरं कोणी आता इंदुरात नाही.

येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. ज्याला कळतं त्याने कृपया लगेच सांगा. चार्जर का नाही लावला हे विचारू नका, तिथल्या प्लगचं मागेच लिहिलंय.
शैला

---

प्रेषक: अविनाश (कोषाध्यक्ष)
गुरुवार, सकाळी ७.०५

शैलाताई,
बिल माझ्याकडे आहे, वॉरंटी एक वर्षाची आहे. माझं स्पष्ट मत, आता कोणी काही उघडू नये, सेटिंगला हात लावू नये, सरळ दुकानात नेऊन द्यावा. दोन दिवस माझ्याकडे होता तेव्हा मी रात्रभर चार्जिंगला ठेवला होता. सकाळी पाहिलं तर ८० टक्के. आणखी दोन तास ठेवला, तरी ८०. म्हणजे बॅटरीच सदोष आली आहे.

नवीन बॅटरी पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करायची असते. ते झालं होतं का, हेही मला कोणी सांगितलेलं नाही.
अविनाश

---

प्रेषक: रोहन
गुरुवार, सकाळी ९.४०

काका, ८०ची मर्यादा मी लावली आहे. बॅटरीत दोष नाही.

लॅपटॉप महिन्यातले वीस दिवस मंडळाच्या कपाटात नाहीतर ऑफिसात प्लगवर असतो. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत राहिली तर लवकर म्हातारी होते. म्हणून बहुतेक कंपन्या आता ही सोय देतात. ८०ला चार्जिंग थांबतं, हवं तेव्हा एका बटणावर पुन्हा १००.

आठ तासांचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम-आयनची पहिली बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिला असं काही लागत नाही, ती कधीही लावा, कधीही काढा.

शैलाताई, दुकानात नेण्याआधी एक करा. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची आज्ञा लिहायची खिडकी) उघडून इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, मग एक जागा, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, असं लिहून एंटर दाबा. फाइल कुठे तयार झाली ते तिथेच दिसेल. तिच्यात 'डिझाइन कॅपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कॅपॅसिटी' असे दोन आकडे आहेत, म्हणजे बॅटरीत मुळात किती वीज मावायला हवी आणि आता किती मावते, ते इथे कळवा.
रोहन

---

प्रेषक: अविनाश (कोषाध्यक्ष)
गुरुवार, सकाळी १०.१५

रोहन, तुझ्या ज्ञानाबद्दल शंका नाही. पण वस्तू मंडळाची आहे. मर्यादा लावलीस तर चार ओळी लिहून कपाटात ठेवायला हव्या होत्या. मी दोन रात्री उठून उठून ते ८० बघत होतो. आणि खरेदीच्या बैठकीत साधा लॅपटॉप घ्या असं मी म्हटलं होतं, ते इतिवृत्तात आहे.

---

प्रेषक: सुमनकाकू
गुरुवार, सकाळी ११.३०

शैला, प्लगचं काय ते मला कळलं नाही, कारण मागची मेल मी वाचली नव्हती. आजींच्या माजघरात जुने दोन पिनांचेच प्लग आहेत, हे मला माहीत आहे. आम्ही तिथे मंगळागौरीला टेप लावायचो. आपला लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजच्या प्लगमधून घेता येईल. पण बोर्ड आहे कुठे? गणपतीत ध्वनिव्यवस्थेच्या मुलांनी नेला, त्यानंतर मी पाहिलेला नाही. सामानाच्या वहीत 'परत' लिहिलंय, सही कोणाची ते वाचता येत नाही.

---

प्रेषक: प्रमोद
गुरुवार, दुपारी १.००

काकूंच्या बोर्डावरून आठवलं म्हणून लिहितो. कोणीतरी उत्साहाने चार्जरची जाड तिसरी पिन काढून टाकेल आणि दोन पिनांत बसवेल. तसं करू नका. ती अर्थिंगची पिन आहे. अर्थिंग तुटलं की चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर येतो आणि मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. माझ्या सुनेला बऱ्याच दिवस वाटत होतं की लॅपटॉपच खराब आहे. खरं तर प्लगच्या पेटीतली अर्थिंगची वायर निसटली होती. वीज मंडळात आयुष्य काढलं म्हणून एवढं सांगतो, आजी त्या टेबलाला हात टेकून बसतात.

आता मूळ प्रश्न. बॅटरी म्हणजे टाकी. टाकी किती वॅट-अवरची आणि नळ किती वॅटने वाहतो, हे कळल्याशिवाय टाकी गळते असं म्हणता येणार नाही. शैलाताईंनी घरी आणि तिथे असे दोन्ही आकडे द्यावेत.

---

प्रेषक: शैला
गुरुवार, रात्री ९.५०

रिपोर्ट निघाला. डिझाइन कॅपॅसिटी ५०,००० मिलिवॅट-अवर, फुल चार्ज कॅपॅसिटी ४९,७४०. सायकल काउंट (पूर्ण चार्जच्या फेऱ्या) ६. रोहन, हे चांगलं की वाईट?

प्रमोददादा, घरी नुसतं टायपिंग केलं तर ८० पासून चार तास सहज जातात. आजींकडे स्कॅनर लावलेला असतो, तो लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, त्याला वेगळी वायर नाही. तोच हे सगळं खातो का?

---

प्रेषक: प्रमोद
गुरुवार, रात्री १०.१०

स्कॅनर नाही. साध्या यूएसबीतून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे फार तर अडीच वॅट, आणि तेही दिवा सरकतो तेवढाच वेळ.

बॅटरी ५० वॅट-अवरची आहे आणि ती उत्तम आहे. अविनाशराव, दुकानात नेऊ नका, ते हाच रिपोर्ट काढतील आणि परत पाठवतील. ८० टक्के म्हणजे ४० वॅट-अवर. घरी चार तास म्हणजे सुमारे १० वॅट. तिथे दीड तास म्हणजे सुमारे २७. हे जास्तीचे १७ वॅट कुठे जातात?

शैलाताई, तुम्ही मंडळींना पाठवलेला तो पहिल्या स्कॅनचा मोबाइल फोटो आत्ता मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात बॅटरी ६८ दिसते. आदल्या रात्री ८० होती ना?

---

प्रेषक: शैला
गुरुवार, रात्री १०.२५

हो! ८० करून झाकण लावून पिशवीत ठेवला होता. सकाळी उघडलाही नव्हता.

---

प्रेषक: मंजिरी, वडोदरा
शुक्रवार, सकाळी ८.००

मी आता इंदुरात नाही, पण यादीवर सगळं वाचत असते. पिशवीतल्या बॅटरीचं माझ्याकडे घडलंय म्हणून लिहिते. इंदूरला यायला रात्रीची गाडी धरली, लॅपटॉपचं झाकण लावून पिशवीत, पिशवी उशाशी. रतलामच्या आसपास जाग आली तर उशी गरम. पिशवीत हात घातला तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि पंखा चालू. सकाळी बॅटरी शून्य, आणि माझं सादरीकरण अकरा वाजता.

हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये झाकण लावलं की यंत्र पूर्ण झोपत नाही. मोबाइलसारखं अर्धं जागं राहतं, मेल बघतं, अपडेट आणतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण लावल्यावर काय व्हावं असा पर्याय आहे. त्यात 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' करा. मग चालू कामाची नोंद डिस्कवर ठेवून यंत्र खरंच बंद होतं. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. तेव्हापासून मी निर्धास्त आहे.

आजींना माझा नमस्कार सांग. त्या फोटोत माझी पणजी असावी, चौकडीच्या लुगड्यातली.

---

प्रेषक: रोहन
शुक्रवार, सकाळी ९.१५

मंजिरीताई बरोबर सांगताहेत. ते १२ टक्के तिथे गेले. म्हणजे हाती आले ३४ वॅट-अवर, आणि शेवटचे पाच टक्के राहिले की विंडोज स्वतःच बंद करतं. दादांचा हिशेब मग २७ऐवजी २१ वॅटवर येतो.

आणि ते २१ कशाने, हे आता माझ्या लक्षात आलं. शैलाताई, तुम्ही टीव्हीला एचडीएमआय वायर लावता. या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक प्रोसेसरमधली, कमी वीज खाणारी, आणि दुसरी वेगळी, ताकदीची. साध्या कामात दुसरी झोपलेली असते. पण अशा पुष्कळ लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट त्या दुसऱ्या चिपला जोडलेलं असतं. वायर खोचली की ती जागी होते आणि वायर काढेपर्यंत जागीच राहते, मग समोर एकच फोटो स्थिर असला तरी.

शिवाय स्क्रीन १४४ हर्ट्झवर आहे, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र नव्याने काढते. फोटो बघायला ६० पुरे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे बदलता येईल.

अविनाशकाका, दोन चिपवाला लॅपटॉप नाटकांचं चित्रीकरण एडिट करायचं म्हणून घेतला, तेही इतिवृत्तात आहे. मर्यादेबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं. मी लिहून ठेवायला हवं होतं. आज संध्याकाळी कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो.

---

प्रेषक: अविनाश (कोषाध्यक्ष)
शुक्रवार, सकाळी ९.५०

कागदावर तारीख आणि नाव टाक. नाटकाचं बोलायचं तर दिवाळीपासून एक तरी एडिट झालं आहे का? मी रागाने विचारत नाही. सभासदांनी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागतं.

---

प्रेषक: सुमनकाकू
शुक्रवार, सकाळी ११.१०

वायरच नको मग. फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे लावा. माझी नात नेहमी तसंच करते.

---

प्रेषक: शैला
शुक्रवार, रात्री ११.०५

आज घरी घड्याळ लावून मोजलं. झाकणाचं हायबरनेट केलं, स्क्रीन ६० हर्ट्झ, प्रकाश अर्ध्याच्या खाली. वायर न लावता स्कॅनरसकट एका तासात १६ टक्के गेले. मग टीव्हीची वायर लावली, बाकी काही बदललं नाही, फोटो उघडून नुसती बसले. एका तासात ४० टक्के! टास्क मॅनेजरमध्ये दुसरी चिप वायर लावल्याबरोबर जागी झालेली दिसली आणि डावीकडची जाळी गरम लागली. वायर काढल्यावर पाच मिनिटांत थंड. रोहन, अगदी तू म्हणालास तसंच.

काकू, पेनड्राइव्ह मी आधी करून पाहिला होता. तो फोटो आजी पूर्ण बघत नाहीत. एक चेहरा मोठा करून दाखवावा लागतो, मग त्या "जरा डावीकडे घे" म्हणतात, तिथल्या बांगड्या बघतात, मग नाव सांगतात. त्यांना चेहऱ्यापेक्षा दागिने आधी ओळखू येतात. टीव्हीच्या रिमोटने ते सरकवणं जमत नाही, आणि मला त्याच वेळी नाव टाइप करायचं असतं. त्यामुळे लॅपटॉपच हवा आणि पडदाही मोठाच हवा.

---

प्रेषक: रोहन
शुक्रवार, रात्री ११.३०

त्यांचा टीव्ही बिनवायरचा पडदा घेणारा असेल तर विंडोजचं बटण आणि के एकत्र दाबा, टीव्हीचं नाव दिसेल. थोडं मागे-पुढे होतं, पण फोटोला चालेल आणि मोठी चिप बहुधा झोपलेली राहील. तसा नसेल तर वायरच लावा, फक्त शनिवारी रात्री मर्यादा काढून १०० करून न्या. आधीच्या ६८च्या जागी १०० म्हणजे वायर लावूनही दोन तासांच्या वर मिळतील. सोमवारी मी पुन्हा ८० करतो. चार्जर मात्र याचाच न्या. मोबाइलचा २५ वॅटचा चार्जर टाइप-सीमध्ये बसला आणि लॅपटॉपने घेतला, तरी जेमतेम खर्च भागेल, बॅटरी काही भरणार नाही.

---

प्रेषक: प्रमोद
शनिवार, सकाळी ७.३०

मी रविवारी दहाला येतो. फ्रिजच्या प्लगचं अर्थिंग टेस्टरने बघून मगच बोर्ड लावू. आजींकडे वायरिंग जुनं आहे, निमित्त निघालंच आहे तर माजघरात एक तीन पिनांचा प्लग बसवून देण्याबद्दल त्यांच्या मुलाशी बोलतो. सामानाचा खर्च माझ्याकडे.

---

प्रेषक: सुमनकाकू
शनिवार, दुपारी १२.१५

बोर्ड सापडला. पेटी-तबल्याच्या कपाटात, तबल्याच्या गवसणीखाली होता. दोन प्लग चालतात, तिसऱ्यात पिन सैल बसते. मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे. शैला, सहानंतर घरी येऊन घेऊन जा आणि वहीत वाचता येईल अशी सही कर.

आजींना सकाळी फोन केला होता. नणंदेचं नाव अजून आठवलेलं नाही, पण फोटो समोर आला की येईल म्हणाल्या. दहाच्या ऐवजी साडेनऊलाच या, जेवायच्या आधी त्यांना जास्त आठवतं.