प्रतिसाद : लेडली किंगचा गुडघा
वर एकाने लिहिलंय की सतत जायबंदी असणाऱ्या बचावपटूला थोर म्हणू नये. दादा, मला नाही पटत. इंग्लंडचा फुटबॉलपटू, बचावपटू लेडली किंग आठवा. १९९९ ते २०१२, अख्खी कारकीर्द लंडनच्या टॉटनहॅम क्लबकडे, ३२३ सामने. डाव्या गुडघ्यातली कूर्चाच संपलेली, हाडावर हाड घासायचं. सामन्यानंतर सूज उतरायलाच आठवडा जायचा. त्यामुळे संघाबरोबर सराव जवळपास बंद. पोहणं, जिम, आणि मग थेट मैदानात. तरी २००८ मध्ये चेल्सीला २-१ हरवून लीग कप उचलला, तोही कर्णधार म्हणून. २०१० च्या विश्वचषकात मात्र पहिल्याच सामन्यात जांघ दुखावली आणि मध्यंतरालाच बाहेर.

आमच्याकडे रत्नागिरीत कातळावर खेळताना माझ्या गुडघ्यात पाणी झालं होतं. आई निगडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची. पंधरा दिवस खळ्याच्या दोन पायऱ्या उतरतानासुद्धा भिंत धरावी लागे. तसल्या गुडघ्यावर हा माणूस प्रीमियर लीगमधल्या आघाडीवीरांमागे धावत होता, आणि पाय घालायचा तो नेमका चेंडूवर. सरावाशिवाय ही अचूकता कुठून आणायचा, हे मला अजून उलगडलेलं नाही.