मदत हवी आहे : १९४० मध्ये कॅप्टन, १९४९ मध्ये जनरल, मधल्या बढत्या कुठे?

वाचनवेडी : दिवाळी अंकासाठीचा लेख परवा द्यायचा आहे आणि मी एकाच जागी अडकले आहे. लिथुआनियाच्या तोफखान्यातील हा अधिकारी १९४० मध्ये कॅप्टन आहे आणि १९४९ मध्ये एकदम जनरल. मधल्या बढत्या कुठेच सापडत नाहीत. जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

रानवाट : आपण नावच दिलेले नाही. पोविलास प्लेखाविचियुस यांच्याविषयी विचारत असाल, तर १९२६ च्या लष्करी उठावाचे ते सूत्रधार होते, पुढे जनरल स्टाफचे प्रमुख झाले आणि १९७३ मध्ये शिकागोत वारले.

वाचनवेडी : ते नव्हेत. मी योनास झेमाइतिस यांच्याविषयी लिहीत आहे. नाव लिहायचे राहिले, क्षमस्व.

जुना तोफची : मी देवळालीच्या तोफखाना केंद्रात शिकलो आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. कौनासच्या सैनिकी विद्यालयातून १९२९ मध्ये बाहेर पडलेला आणि पुढे फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या तोफखाना विद्यालयात शिकून आलेला हा अधिकारी निःसंशय हुशार होता, परंतु १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने लिथुआनियाचे सैन्यच गिळंकृत केल्यावर बढती द्यायला उरले कोण? लेखात ‘कॅप्टन’ एवढेच लिहावे.

उत्तरवारा : तोफचीसाहेब, येथे मी आपल्याशी सहमत नाही. मधल्या बढत्या सापडत नाहीत, कारण ‘जनरल’ हा हुद्दा जुन्या सैन्याचा नाहीच. १६ फेब्रुवारी १९४९ रोजी, म्हणजे १९१८ च्या स्वातंत्र्यघोषणेच्या तिथीलाच, मिनाइचाय गावातील भुयारात जमलेल्या, सोव्हिएत सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आठ भूमिगत नेत्यांनी स्वतंत्र लिथुआनियाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याच सुमारास त्यांच्या परिषदेने झेमाइतिस यांना अध्यक्ष निवडून ‘पार्टिझान जनरल’, म्हणजे गनिमी लढवय्यांचा जनरल, हा हुद्दा दिला. हा जाहीरनामा सेइमासने, म्हणजे तेथील संसदेने, १९९९ मध्ये कायदेशीर मानला आणि २००९ मध्ये झेमाइतिस यांना त्या काळातील राष्ट्रप्रमुख ठरवले. तेव्हा हा हुद्दा गाळणे मला अन्यायाचे वाटते.

जुना तोफची : राष्ट्रप्रमुखपद मान्य. मात्र जंगलात मिळालेला हुद्दा आणि सैन्यातली नेमणूक यांतला फरक वाचकाला स्पष्ट दिसला पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

सावली : १९४१ ते १९४४ या काळात ते काय करत होते? ते सांगितल्याशिवाय लेख पूर्ण होणार नाही.

उत्तरवारा : सोव्हिएत सैन्यात सामील केलेल्या लिथुआनियन दलातून ते जर्मन आक्रमणाच्या वेळी बाहेर पडले. १९४४ मध्ये, रानवाट यांनी उल्लेखिलेल्या प्लेखाविचियुस यांनीच जर्मन ताब्याच्या काळात स्थानिक दल उभे केले, तेव्हा झेमाइतिस सुमारे दीडशे माणसे घेऊन त्यात गेले. जर्मनांनी मे महिन्यात ते दल मोडले आणि प्लेखाविचियुस यांना अटक केली. १९४५ पासून झेमाइतिस जंगलात राहिले. १९५१ च्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला आणि ३० मे १९५३ रोजी ते भुयारात पकडले गेले. मॉस्कोत खुद्द सोव्हिएत गृहमंत्री बेरियाने त्यांची चौकशी केली. २६ नोव्हेंबर १९५४ रोजी बुतिरका तुरुंगात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

रानवाट : आडनावाचा अर्थही द्यावा : झेमाइतिया प्रांताचा माणूस. त्यांचे जन्मगाव पालांगा त्याच भागात आहे.

वाचनवेडी : मनःपूर्वक आभार. ‘लिथुआनियाच्या सैन्यात कॅप्टन, भूमिगत लढ्यात जनरल’ असे लिहिते आणि पक्षाघातानंतरच्या त्या दीड वर्षासाठी एक परिच्छेद वाढवून मागते.