मदत हवी आहे: युरोप, १४ रात्री, नऊ गावं. किती कमी करू?

धागाकर्ती: मोगरा_७

१२ मेच्या सुमारास मुंबईहून निघायचं आहे. आम्ही चौघं: नवरा, मी, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात, पण सपाटीवर बऱ्यापैकी चालतात). विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, व्हिसाही व्हायचाय. आत्ताचा आराखडा असा:

पॅरिस ३ रात्री, ब्रसेल्स १, अ‍ॅमस्टरडॅम २ (ट्युलिप बघायला), कलोन १, ल्युसर्न १, इंटरलाकेन २, व्हेनिस १, फ्लोरेन्स १, रोम २. सगळा प्रवास रेल्वेने.

घरातल्यांचं म्हणणं, एवढा खर्च करून जातोच आहोत तर सगळं बघून घेऊ. मला धाकधूक वाटतेय. किती मुक्काम ठेवावेत? आणि कापायचं तर नेमकं काय?

रूळ_आणि_रस्ता

रात्री मोजू नका, पूर्ण दिवस मोजा. पूर्ण दिवस म्हणजे ज्या दिवशी सकाळी आणि रात्री बॅग एकाच खोलीत आहे तो.

१४ रात्री म्हणजे १५ तारखा. पहिली तारीख विमानातून उतरण्यात आणि झोप आवरण्यात जाते, शेवटची विमानतळावर. मधे उरतात १३. नऊ मुक्काम म्हणजे आठ वेळा हॉटेल बदलणं, म्हणजे हातात पूर्ण दिवस पाचच: पॅरिसचे दोन, अ‍ॅमस्टरडॅम, इंटरलाकेन आणि रोमचा एकेक. ब्रसेल्स, कलोन, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लोरेन्स यांच्या वाट्याला एकही नाही. चार मुक्काम ठेवलेत तर तेच दिवस दहा होतात.

"पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम फक्त सव्वातीन तास" हे गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंतचं गणित आहे. चौघांच्या बॅगा भरणं, स्टेशन गाठणं, अर्धा तास आधी पोचणं, उतरल्यावर ट्रॅम शोधणं, हॉटेलात खोली बहुधा तीननंतरच मिळणं, हे सगळं धरा. तीन तासांची गाडी सहा तास खाते. दीड तासाची गाडीसुद्धा चार तास खातेच, म्हणून "गावं जवळजवळ आहेत" हा युक्तिवाद फसवा असतो.

आता कात्री. ट्युलिपसाठी अ‍ॅमस्टरडॅम ठेवलं असेल तर ते आधी काढा. क्युकेनहोफची बाग साधारण मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंतच उघडी असते आणि आजूबाजूच्या शेतांतली फुलं त्याआधीच खुडलेली असतात. तुम्ही पोचाल तेव्हा कुलूप. अ‍ॅमस्टरडॅम गेलं की ब्रसेल्स आणि कलोनलाही कारण उरत नाही, ती वाटेवरची गावं म्हणूनच आली होती.

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न आणि इंटरलाकेन यांतलं एकच ठेवा. दोन्हींमध्ये दोन तासांची रेल्वे आहे आणि तो प्रवासच तळ्याकाठचा, सुरेख आहे. रिकाम्या हाताने सकाळी जाऊन संध्याकाळी परत या.

माझ्या मते: पॅरिस ४, इंटरलाकेन ४, व्हेनिस २, रोम ४. विमान पॅरिसला जाणारं आणि रोमहून परतणारं, एकाच तिकिटावर घ्या. परतीसाठी पुन्हा पॅरिस गाठायचं म्हटलं तर एक दिवस आणि चार तिकिटं पाण्यात.

खिडकीजवळची_जागा

बाकी सगळ्याला +१, व्हेनिसच्या दोन रात्रींना मात्र माझा विरोध. इंटरलाकेन ते व्हेनिस म्हणजे आधी श्पीट्झला गाडी बदला, मग मिलान, तिथे पुन्हा बदला. सहा ते साडेसहा तास, आणि शेवटी बॅगा घेऊन पुलांच्या पायऱ्या. व्हेनिसच्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि दारापर्यंत टॅक्सी येत नाही. दुखऱ्या गुडघ्यांना हे जड जाईल.

त्याऐवजी मिलानहून थेट फ्लोरेन्स गाठा, तो टप्पा दोन तासांचा. फ्लोरेन्स ३, रोम ३. दोन्हींमध्ये वेगवान गाडीने दीड तास.

मिलानच्या बदलावर लक्ष ठेवा. स्वित्झर्लंडहून येणारी गाडी उशिरा पोचणं नवलाचं नाही. पुढचं इटलीतलं तिकीट वेगळं आणि सर्वांत स्वस्त दराचं काढलंत, तर गाडी चुकली की ते बाद. तसलं तिकीट बदलून मिळत नाही, आणि ऐनवेळचा दर बराच चढा असतो. मधे दीड तास ठेवा.

मोगरा_७

बागेचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद! अ‍ॅमस्टरडॅम बाद. पण व्हेनिस नेमकं सासूबाईंनाच बघायचंय. आणि व्हिसा कुठल्या देशाचा? पॅरिसला उतरणार म्हणून फ्रान्सचा का?

कागदपत्रे_तपासा

नाही. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. पॅरिस ४, स्वित्झर्लंड ४, इटली ६ म्हणजे इटली. मुक्कामात बरोबरी झाली (समजा पॅरिस ५, इटली ५) तरच जिथून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) शिरता तो देश, म्हणजे फ्रान्स. म्हणून रात्रींची वाटणी आधी पक्की करा, मग अपॉइंटमेंट. अर्ज भरल्यावर एक रात्र इकडची तिकडे केली तर अर्जच चुकीच्या वकिलातीकडे पडू शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, मुलीला ४५ (सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना निम्मी), व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या.

रूळ_आणि_रस्ता

फ्लोरेन्सची सूचना माझ्या व्हेनिसपेक्षा बरी आहे, मान्य. सासूबाईंसाठी फ्लोरेन्सहून व्हेनिस एका दिवसात करा. गाडी सव्वादोन तासांची, बॅगा हॉटेलातच. व्हेनिसमध्ये सांता लुचिया स्टेशनवर उतरा (मेस्त्रेला नव्हे, ते मुख्य भूमीवर आहे). दारातच पाणबसचा धक्का आहे. १ क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यातून सान मार्को चौकापर्यंत नेते, पाऊण तास लागतो आणि एकही पूल चढावा लागत नाही. मात्र एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक तारखांना दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं. आधी नोंदणी केली की स्वस्त, ऐनवेळी दुप्पट. तुमची तारीख तपासा.

इंटरलाकेनच्या चार रात्रींत पूर्ण दिवस तीन. युंगफ्राउयोखचं (रेल्वेने जाता येणारं बर्फातलं उंच ठिकाण) तिकीट ठरावीक तारखेचं आधी काढून ठेवू नका. आदल्या रात्री हवामान आणि सकाळी वरचा थेट कॅमेरा बघून ठरवा, ढगात गेलात तर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. दोन रात्रींच्या मुक्कामात ही निवड करताच येत नाही, चार रात्रींचं खरं कारण तेच. ते ठिकाण ३४५४ मीटरवर आहे. सासूबाईंना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. त्यांना तिथे न्यायचं नसेल तर हार्डर कुल्म हा जवळचा डोंगरमाथा आहे, गावातूनच दहा मिनिटांत वर नेणारी रेल्वे आहे.

खिडकीजवळची_जागा

बंद दिवस बघायला विसरू नका. पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. फ्लोरेन्सचं उफिझी चित्रसंग्रहालय सोमवारी, व्हॅटिकन म्युझियम रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). फ्लोरेन्सच्या तीन रात्रींत पूर्ण दिवस दोनच, त्यातला एक व्हेनिसला. उरलेला सोमवार निघाला तर उफिझी गेलं.

रेल्वे पास घेऊ नका. तुमचे लांब टप्पे मोजके आहेत, आणि फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पासवरही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात.

मोगरा_७

पॅरिस ४, इंटरलाकेन ४, फ्लोरेन्स ३, रोम ३ असं घरी मांडलं. नवऱ्याचं म्हणणं, रोममधली एक रात्र काढून पिसाला देऊ.

रूळ_आणि_रस्ता

पिसा फ्लोरेन्सहून साध्या गाडीने तासाभरावर आहे, मुक्काम कशाला? मनोरा बघायला अर्धा दिवस पुरतो. फ्लोरेन्सला पोचाल तो दिवस मात्र धरू नका, इंटरलाकेनहून येण्यातच तो जाईल. रोमला सकाळी न जाता संध्याकाळी जा, मधे पिसा बसतं. आणि हॉटेल घेताना "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका, लिफ्ट रस्त्यापासून किती पायऱ्यांनंतर सुरू होते तेही विचारा. जुन्या इमारतींत ती बऱ्याचदा अर्धा जिना चढल्यावर असते.