दुबईच्या सीट वाढवण्याचं निवेदन: सह्या हव्यात

सर्व सभासदांना नमस्कार,
मे महिन्यात आणि गणपतीत दुबई–मुंबई तिकिटाला हात लावता येत नाही. भारत सरकारने दुबईचा कोटा, म्हणजे दोन्ही सरकारांमधल्या करारात ठरलेल्या आठवड्याच्या विमान-सीट, वाढवावा, असं निवेदन मंडळातर्फे पाठवतोय. शुक्रवारपर्यंत सह्या द्या.
– कार्यवाह

दादा,
मी सध्या वेंगुर्ल्यात आहे. सही करीन, पण मसुद्यात भर घालून.

कोटा दोन्ही बाजूंना सारखा असतो. प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला साधारण 66 हजार सीट. दुबईने आणखी 50 हजार मागितल्या, दिल्ली अडून बसली. कारण दुबईला उतरणारे सगळेच दुबईचे नसतात. बरेच जण तिथे विमान बदलून लंडन-न्यूयॉर्कला जातात, म्हणजे आपल्या कंपन्यांच्या थेट विमानांचं गिऱ्हाईक जातं. ही भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. 2016 च्या विमान वाहतूक धोरणाने दिल्लीपासून 5000 किलोमीटरपलीकडच्या देशांसाठी सीटची मर्यादा काढून दार उघडलं. आखात त्याच्या आत येतं, म्हणून तिथे सीटसीटची घासाघीस.

पण चिपळूणच्या फिटरला कुठे लंडनला जायचंय? त्याला घरी यायचंय, आणि चढ्या भाड्याचा भुर्दंड तोच भरतो.

म्हणून नुसत्या सीट नकोत, उतरायचं ठिकाणही मागा. परदेशी कंपनीला करारात ठरलेल्या विमानतळांवरच उतरता येतं. केरळातलं कण्णूर विमानतळ 2018 ला सुरू झालं, पण परदेशी कंपन्यांना परवानगी मिळावी म्हणून तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलंय. गोव्याचं मोपा विमानतळ इथून तासाभरावर आहे, तरी आपली माणसं मुंबईला उतरून रात्रभर रस्त्याने गावी येतात. वाढीव सीट टप्प्याटप्प्याने द्या, आपल्या कंपन्या त्यांचा वाटा वापरतील तशा, आणि त्यातल्या काही मोठ्या शहरांबाहेरच राखा, असं लिहूया. दिल्लीला यात बोलायला जागा राहते.

बागायतदारांनाही विचारा. विमानाने जाणाऱ्या आंब्याच्या बऱ्याच पेट्या प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातात. मोपाहून मोठं विमान निघालं, तर देवगडचा हापूस मुंबईपर्यंत ट्रकमध्ये तापत जायला नको.
– वेंगुर्लेकर

ताई,
मुद्दा पटला. पण मोपा गोव्यात, आणि निवेदन जातंय आपल्या खासदारांकडे. सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ लिहू का?
– कार्यवाह

दादा,
चिपीही लिहा, पण आधी मोपा. चिपी 2021 ला सुरू झालं, तिथे देशातली विमानंसुद्धा नियमित टिकली नाहीत. मोपा ज्या पेडणे तालुक्यात आहे, तो सावंतवाडीच्या माणसाला परका नाही. गोव्याच्या खासदारांनाही प्रत पाठवा. दुरुस्त मसुदा आज रात्री धाडते.
– वेंगुर्लेकर