पदवीचा धोका एकट्या विद्यार्थ्यानेच का पेलायचा?

पायवाट

उच्च शिक्षण का महागलं, याची दोन कारणं नेहमी ऐकू येतात: महागाई वाढली आणि सरकारने हात आखडता घेतला. दोन्ही खरी आहेत, पण त्यांत मूळ गोष्ट सुटते. फी विद्यापीठ घेतं, कर्ज सरकार किंवा बँक देते, आणि पदवी कामाला आली नाही तर भुर्दंड पडतो अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना. विद्यापीठाच्या हातात पैसे तेव्हाच पडलेले असतात. विकणाऱ्याला नुकसानीची झळच लागणार नसेल, तर त्याने किंमत उतरवावी कशाला?

इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंड फी लागू झाली. २००६ मध्ये कमाल मर्यादा ३,००० झाली आणि २०१२ मध्ये थेट ९,०००. एवढी फी अपवादानेच लागेल, विद्यापीठं दरांत चढाओढ करतील, असं तेव्हा सरकार सांगत होतं. झालं उलटंच. जवळजवळ सगळ्यांनी ९,००० किंवा त्याच्या आसपासची फी लावली. पदवीचा कस लागतो तो ती घेऊन काही वर्षं काम केल्यावर, तोवर लोक किमतीवरूनच दर्जा ताडतात. मग जो स्वस्त देईल तो आपणहून दुय्यम ठरणार. पूर्ण फीइतकं कर्ज मिळत असल्यामुळे घासाघीस करायलाही कोणी बसत नाही.

अमेरिकेत याहून वाईट. १९७६ पासून तिथे दिवाळखोरीत शैक्षणिक कर्ज माफ होण्यावर बंधनं आली. आधी निदान काही वर्षं थांबल्यावर सुटका व्हायची, १९९८ मध्ये सरकारी कर्जांसाठी तीही वाट बंद झाली. आता कोर्टात पराकोटीची हलाखी सिद्ध करावी लागते. धंदा बुडालेल्या माणसाला नव्याने उभं राहू देणारा कायदा शिकायला गेलेल्याला मात्र तसं उभं राहू देत नाही, याची मला मनापासून चीड आहे.

ताळेबंद

ठाम असहमत. इंग्लंडचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. २०१२ च्या कर्जाची परतफेड पगार वर्षाला २१,००० पौंडांच्या वर गेल्यावरच सुरू व्हायची, तीही वरच्या रकमेच्या ९ टक्के, आणि ३० वर्षांनी उरलेलं माफ. म्हणजे धोका बराचसा सरकारनेच घेतला होता. फी तिप्पट झाल्यावरही गरीब वस्त्यांतून थेट शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढतच राहिलं. कारण साधं आहे: पैसा आला म्हणून जागा वाढवता आल्या.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांना फी नाही. पण खर्च सरकारी तिजोरीतून जातो, म्हणून त्यांच्यासाठीच्या जागाही सरकारच बांधून देतं. मोजक्या जागांची रांग कोण जिंकतं? ज्याला आधीपासून चांगली शाळा मिळाली तो. आणि त्याचं बिल भरणाऱ्यांत कधीच कॉलेजचं तोंड न पाहिलेला कामगारही असतो. याला समता कसं म्हणायचं?

पायवाट

"थेट शाळेतून" हे तुमचे शब्द बरोबर आहेत आणि तिथेच सगळं आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्यांचा आकडा त्याच काळात निम्म्याहून खाली आला. पस्तिशीची बाई, पदरात दोन मुलं, घराचे हप्ते चालू. तिला ३० वर्षांचं कर्ज अठराव्या वर्षीच्या मुलासारखं हलकं वाटणार आहे का? तिने कुणाशी भांडण केलं नाही, अर्जच भरला नाही.

आणि ती ३० वर्षंही राहिली नाहीत. २०२३ पासून नव्याने शिकायला जाणाऱ्यांसाठी ४० झाली.

खडूफळा

दोघांनाही थोडं टोचेल असं लिहितो. शिकवण्यात यंत्रासारखी उत्पादकता वाढत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं की इतर क्षेत्रांतले पगार वाढले की अशा सेवांचा खर्च वाढतोच, मग व्यवस्था भांडवलशाही असो की आणखी कुठली. निबंध तपासायला आजही तेवढाच वेळ लागतो. (हे मी रोज करतो, म्हणून ठासून सांगतो.)

पण सगळी वाढ यावर ढकलता येत नाही. सरकारी मदतीमुळे फी वाढवायला मोकळीक मिळते, असं अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट १९८७ मध्ये म्हणाले होते. सरसकट सगळ्या विद्यापीठांबद्दल यावर एकमत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांबद्दल मात्र स्टेफनी सेलिनी आणि क्लॉडिया गोल्डिन यांचा अभ्यास बोलका आहे: ज्यांच्या विद्यार्थ्यांना सरकारी मदत मिळते, त्यांची फी तशाच पण मदत नसलेल्या संस्थांपेक्षा सुमारे तीन चतुर्थांशाने जास्त निघाली. ही रक्कम त्या मदतीच्या आकड्याच्या जवळपास जाते.

मधली_सुट्टी

चिलीचं कुणीच काढलं नाही? लष्करी राजवटीने १९८१ मध्ये उच्च शिक्षण बाजाराला खुलं केलं, २००५ मध्ये सरकारी हमीचं बँक कर्ज आलं. जागा भरमसाट वाढल्या हे खरं, ताळेबंद यांचा मुद्दा तिथे लागू पडतो. पण २०११ मध्ये लाखो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. कर्जाचं ६ टक्क्यांच्या आसपासचं व्याज २ टक्क्यांवर आलं आणि २०१६ पासून खालच्या निम्म्या उत्पन्नगटातल्या मुलांची फी माफ झाली. त्या योजनेत येणाऱ्या संस्थेला या मुलांपोटी किती पैसे मिळतील, हे सरकार ठरवतं.

ताळेबंद

हे मला पटण्यासारखं आहे, कारण मदत गरजेवर आहे, सरसकट नाही. पण पायवाट, मूळ मागणी विद्यापीठांनी धोका वाटून घ्यावा अशी दिसते. तसं केलंत तर विद्यापीठं कुणाला प्रवेश द्यायचं टाळतील, याचा विचार केलात? ज्याच्या मागे घरचा आधार नाही, त्यालाच. बुडण्याची शक्यता त्याचीच जास्त.

पायवाट

केलाय. म्हणूनच विद्यापीठाचा हिशोब सरसकट सरासरीवर नको, तशाच घरच्या परिस्थितीतली मुलं इतरत्र कशी निभावतात त्याच्याशी तुलना करून हवा. अमेरिकेत सलग तीन वर्षं ३० टक्के किंवा जास्त विद्यार्थ्यांनी कर्ज थकवलं तर संस्थेची सरकारी मदत थांबते. पण थकबाकी मोजतात ती पहिल्या तीन वर्षांपुरती. मग काही संस्थांनी सल्लागार नेमले आणि त्यांनी माजी विद्यार्थ्यांना फोन करकरून हप्ते तात्पुरते स्थगित करायला लावले. स्थगितीत व्याज चढत राहतं. संस्था निकषात बसली, मुलांचं कर्ज फुगलं. तेव्हा नियम हवाच, पण मुदत दहा वर्षांची आणि स्थगितीही थकबाकीतच धरलेली.

ताळेबंद

दहा वर्षांपूर्वीच्या संचालकांची चूक आजच्या विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल होईल. ते कसं थांबवणार, ते आधी सांगा.