स्लो कुकरमध्ये पालेभाजी : नागपूरकरांचे अनुभव

थंडी पडली की गोकुळपेठेत आणि कॉटन मार्केटात पालक, मेथी, आंबट चुका, अंबाडी, हरभऱ्याची भाजी यांचे ढीग लागतात. आणि आताशा बऱ्याच घरांत स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारा विजेचा कुकर, आलेला आहे. कोणाकडे वेगळा, चिनीमातीच्या जड भांड्याचा. कोणाकडे मल्टीकुकरवर नुसतं तेवढं एक बटण. सोबत येणाऱ्या पुस्तिकेत सूप आहे, स्ट्यू आहे, आपली डाळभाजी कुठेच नाही. म्हणून हा धागा. पान कधी घालता, पाणी किती ठेवता, कोणती भाजी जमते आणि कोणती कढईतच बरी, जे केलंय ते मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मी करते. माझं मत पक्कं झालंय: या भांड्यात डाळ आणि दाणे आधी, पान अगदी शेवटी. आमच्याकडची लग्नातल्यासारखी डाळभाजी मी अशी करते. एक वाटी चणाडाळ, अर्धी वाटी तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे दोन-तीन तास भिजवायचे. पाणी निथळून भांड्यात घालायचे, वर सुक्या खोबऱ्याचे काप, हळद, चमचाभर तेल. पाणी कढतच घालायचं, डाळीच्या वर दोन बोटं येईल एवढं. गॅसवर घालतो त्यापेक्षा कमी, कारण झाकणाखालून वाफ फारशी बाहेर जातच नाही आणि पालक स्वतःचं पाणी सोडतो ते वेगळं. ‘हाय’वर, म्हणजे जास्त आचेच्या बटणावर, साधारण चार तास. डाळ बोटाने चेपली गेली की रवीने थोडी घोटायची आणि मग एक जुडी पालक नि अर्धी जुडी चुका बारीक चिरून घालायचा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. शेवटी कढल्यात लसूण, सुकी लाल मिरची, जिरं, हिंग यांची चरचरीत फोडणी. फोडणी कुकरमध्ये होत नाही, ती वेगळीच करावी लागते.

चुका आधी घातला तर डाळ तासन्‌तास कडकच राहते. चिंच, टोमॅटो, आमचूर, सगळ्यांचं तेच. आंबटाने डाळीचा गर घट्ट धरून राहतो. प्रेशर कुकरमध्ये हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे तापमान शंभराच्या वर जातं. इथे ते शंभराच्या खालीच असतं, म्हणून आंबट कधी घालायचं याला फार महत्त्व आहे.

— धंतोली

ताई, चुक्याचं अगदी बरोबर. त्यात पाण्याचं जोडते. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनेही डाळ शिजायला त्रास देते. मी स्लो कुकरसाठी प्यायचं फिल्टरचं पाणी वापरते आणि फरक स्पष्ट दिसतो.

रंगाबद्दल खूपजण विचारतात. पालक, मेथी, कोणतंही हिरवं पान जास्त वेळ गरम राहिलं की हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि रंग शेवाळी, मग तपकिरीकडे झुकतो. पानांतलं आम्ल झाकणामुळे भांड्यातच राहतं, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. भाजी खराब झालेली नसते, पण पानात वाढल्यावर डोळ्यांना बरी वाटत नाही. त्यावर खायचा सोडा टाकायचा उपाय सांगतात, तो कृपा करून करू नका. रंग राहतो, पण क जीवनसत्त्व आणि थायमिन जातं, आणि पान बुळबुळीत होतं. पान उशिरा घालणं हाच चांगला उपाय.

— मानेवाडा

मी मिहानमध्ये नोकरीला आहे, चौघं मित्र मिळून फ्लॅट घेऊन राहतो. सकाळी सातला निघायचं, रात्री सातला परत. आमचा सगळा स्वयंपाक याच्या भरवशावर चालून राहिला. सकाळी अख्खे मूग किंवा मसूर, कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि पाणी घालून ‘लो’वर, म्हणजे कमी आचेवर, लावतो. आठ तासांनी तो आपोआप ‘वॉर्म’वर येतो, म्हणजे नुसतं गरम ठेवतो. पालेभाजी सकाळीच धुऊन, निथळून, कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेली असते. घरी आल्यावर ‘हाय’ करायचं, पाला चिरून टाकायचा, तोवर एक जण पोळ्या आणतो, दुसरा भात लावतो. माठ असो की पालक, पंधरा-वीस मिनिटांत होतो. एक जुडी टाकली की भांडं गच्च भरल्यासारखं दिसतं. घाबरू नका, पाला पाच मिनिटांत बसतो.

राजमा लावणाऱ्यांसाठी मात्र नीट सांगतो. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये घालू नका. त्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते ‘लो’च्या तापमानाला नीट नष्ट होत नाही. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटं खळखळ उकळून घ्या, मगच कुकरमध्ये. नाहीतर उलट्या, जुलाब होतात. मूग-मसूरला ही भीती नाही.

विजेचं विचाराल तर आमचा दोनशे वॅटचा आहे. आठ तास सलग चालला तरी दीड-पावणेदोन युनिट.

— सोमलवाडा

पान शेवटी घाला, पान शेवटी घाला, हे सगळे म्हणून राहिले; मला थोडं वेगळं सांगायचं आहे. सगळी पानं पालकासारखी नसतात बाप्पा. माझं माहेर काटोलकडचं. आमच्या माय चुलीवरचा स्वयंपाक झाला की अंबाडीचं मडकं मागच्या वैलावर सरकवून द्यायच्या आणि शेतात निघून जायच्या. दुपारी घरी येईपर्यंत ती भाजी नुसत्या निखाऱ्यांच्या धगीवर मुरलेली असायची. त्या भाजीची चव मला गॅसवर आणि प्रेशर कुकरमध्ये कधी सापडली नाही. स्लो कुकरमध्ये सापडली, म्हणून एवढं लिहिते.

अंबाडीची पानं देठापासून खुडून घ्या, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं घालून पिळून काढा म्हणजे जास्तीची आंब निघून जाते. कुकरमध्ये आधी तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या. कण्या धुऊन अर्धा तास भिजवलेल्या. ‘हाय’वर तीन तास ठेवलं की दोन्ही मऊ होतात. मग पिळलेली अंबाडी, हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ आणि गुळाचा खडा घालून ‘लो’वर आणखी दोन-तीन तास. अधूनमधून झाकण उघडून बघायचं नाही. प्रत्येक वेळी वाफ निघून जाते आणि वीस-तीस मिनिटांनी काम लांबतं. खाताना वाटीत भाजी घ्यायची, मधे खड्डा करायचा आणि त्यात लसणाचं गरम तेल ओतायचं. सोबत ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा. अंबाडीचा रंग असाही काळपट हिरवाच असतो, त्यामुळे हरितद्रव्याची काळजी इथे करू नका. मुरण्यातच तिचं सगळं आहे.

दुसरी भाजी वाळलेल्या हरभऱ्याची. थंडीत कोवळे शेंडे खुडून सावलीत वाळवून ठेवलेले असतात, त्यांना उन्हाळ्यात हात लागतो. ही पानं वाळून चामट होतात, त्यांना मंद आणि लांब आचच लागते. आधी गरम पाण्यात भिजवून माती बसू द्यायची, पानं वरच्या वर उचलून घ्यायची, मग कांदा, लसूण, मिरची घालून ‘लो’वर चार तास. शेवटच्या अर्ध्या तासात ज्वारीचं पीठ ताकात कालवून लावायचं. ताक आधी घातलं तर फाटतं.

आणि कोवळा हरभरा मिळाला तर कोणत्याच कुकरमध्ये घालू नका. कांदा, तेल, तिखट-मीठ आणि दाण्याचा कूट घालून कच्चाच घोळाणा करा.

— महाल

कोरडी भाजी यात होत नाही, हे नवीन घेणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. मेथीची परतलेली भाजी, लाल माठ, लसूण घातलेली चवळी, या सगळ्यांना उघडी कढई आणि मोठी आच हवी. कुकरमध्ये पाणी सुटतं आणि तिथेच राहतं. मेथीचा तर नुसता काळा, कडू लगदा होतो. पातळ भाजी असेल तरच कुकर काढा.

— जरीपटका

अमेरिकेतून मुलांनी पाठवलेला कुकर वापरणार असाल तर खालची पट्टी वाचून घ्या. तिकडची यंत्रं 120 व्होल्टची असतात, आपल्याकडे 230 येतात. नुसता पिनेचा अडॅप्टर लावून चालत नाही, त्याने व्होल्टेज बदलत नाही. जवळजवळ दुप्पट व्होल्टेजला तापणारी तार चौपट वीज ओढते आणि जळते. वॅटेज बघून व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा सरळ इथलाच कुकर घ्या. दुसरं, फ्रीजमधलं गार भांडं थेट तापवू नका आणि गरम भांड्यात गार पाणी ओतू नका. चिनीमाती तडकते.

— खामला

आमच्या घरी रविवारी मेथी-मटण असतं. स्लो कुकर मला खरा आवडला तो याच पदार्थासाठी. खांद्याचं, हाडासकटचं मटण घ्यावं. मसाला मात्र कढईत तेल सुटेपर्यंत परतायचाच, त्यातच मटण पाच-सात मिनिटं भाजून घ्यायचं, मग कुकरमध्ये. पाणी जेमतेम अर्धी वाटी. ‘लो’वर सहा-सात तास. खडा मसाला नेहमीच्या अर्धाच घाला. इतका वेळ भिजून लवंग आणि दालचिनी फार चढतात. मेथी चिरून, मीठ लावून, हलकं पिळून ठेवायची आणि जेवायच्या आधी अर्धा तास घालायची. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. मटण हाडापासून सुटतं आणि मेथी हिरवी राहते, दोन्ही एकाच भांड्यात मिळणं हे गॅसवर मला तरी जमत नाही.

— इतवारी

मी आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम केलं, म्हणून थोडं त्या बाजूने. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात. स्लो कुकरमध्ये ते पाणी आपण भाजीसोबतच खातो, हा फायदा. पण क जीवनसत्त्व उष्णतेनेही जातं, म्हणून वाढताना लिंबू पिळावं. पानांतलं लोह शरीरात शोषलं जायला त्याची मदत होते. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं त्या कॅरोटीनला तेल-तूप लागतं, म्हणून फोडणीत कंजुषी करू नये.

दोन प्रकारच्या माणसांनी जपावं. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात त्यांनी पालक, माठ, चुका थेट कुकरमध्ये घालू नये. आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं. आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाचा तिच्यावर परिणाम होतो. भाजी बंद करू नका, पण एकदम वाढवूही नका. डॉक्टरांना विचारून प्रमाण सारखं ठेवा.

— बजाजनगर

वरचं वाचून विचारायचं होतं तेही मिळालं. माझ्या आईचे दात नाहीत, वय झालंय, पण तिला रोज हिरवी भाजी हवी असते. मुगाची डाळ आणि तांदळाची कणी ‘लो’वर पातळ शिजवते आणि शेवटी पालक किंवा शेवग्याची पानं घालते. शेवग्याची पानं जरा राठ, त्यांना पाऊण तास देते. आई दोन वाट्या खाते आणि अजून मागते, यापरतं मला काही नको.

धोप्याची, म्हणजे अळूची, पातळ भाजीही तिला आवडते. त्याच्या पानांत सुईसारखे बारीक खडे असतात, त्याने घसा खवखवतो. म्हणून धोपा मी आधी गॅसवर चिंचेच्या पाण्यात खळखळून शिजवते आणि मगच शिजलेल्या डाळीत सोडते. कच्चा धोपा थेट ‘लो’वर ठेवण्याचा धोका पत्करू नये.

— नंदनवन

उन्हाळ्याचं कोणी लिहिलं नाही, ते मी लिहिते. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना गॅसपाशी उभं राहणं नको होतं, तेव्हा कुकर मी मागच्या गच्चीच्या दारात, सावलीत लावते. स्वयंपाकघर तापत नाही. पण लाईट गेली तर काय, हे आधी ठरवून ठेवा. शिजतं अन्न 60 अंशांच्या खाली कोमट राहिलं की जंतू भराभर वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तासाभरातच ते बिघडू शकतं. मी घरी असले तर वीज जाताच भांड्यातलं सगळं पातेल्यात ओतून गॅसवर उकळून पूर्ण करते. बाहेर असताना वीज गेली होती असं कळलं आणि किती वेळ ते कळलं नाही, तर वास चांगला येत असला तरी ती भाजी खात नाही. भिंतीवरचं साधं काट्याचं विजेचं घड्याळ यासाठी कामाचं आहे. मागे पडलेलं दिसलं की किती वेळ वीज नव्हती ते समजतं.

चिवळ, घोळीसारखी बारीक पानांची भाजी, याच दिवसांत बाजारात येते. ती निवडायला वेळ लागतो, कारण मुळाशी माती फार. तीन-चार पाण्यांतून काढा. भिजवलेली मुगाची डाळ ‘हाय’वर दीड-दोन तासांत मऊ झाली की चिवळ घालून दहाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. उरलेली कच्ची चिवळ थालीपिठात घाला.

— प्रतापनगर